मोठ्या अक्षरांचा मानपान

इंग्रजीत अक्षरे सव्वीस, असे सांगून मुलाला वर्गात बसवतात आणि आठवड्याभरात ती बावन्न निघतात. प्रत्येक अक्षर दोन वेशांत येते, एक मोठे आणि एक छोटे. सी, ओ, एस ही सरळ मंडळी आहेत. अंग आखडून बसली की छोटी होतात. पण मोठा जी आणि छोटा जी, किंवा मोठा क्यू आणि छोटा क्यू, हे एकाच घरातले आहेत हे रेशनकार्ड दाखवल्याशिवाय पटू नये. चार रेघांच्या वहीत वळणदार लिपीचे आणखी दोन संच आले की आकडा एकशे चारवर जातो. महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. त्याआधी कित्येक वर्षे हा प्रसंग पाचवीत ओढवत असे, म्हणजे बाराखडी, जोडाक्षरे आणि ऱ्हस्वदीर्घ पार पडून लिपी या विषयात आता भिण्यासारखे काही उरले नाही, अशा समाधानात मूल असताना.

देवनागरीत हा प्रकार नाही. राजा असो की शिपाई, सगळे एकाच शिरोरेखेला लटकतात. मोडीत तर दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याचीही पद्धत नव्हती. आधी रेघ ओढायची आणि मग बोरूला मोकळे सोडायचे. पेशव्यांचे नाव आणि त्यांच्या घोड्यांच्या चंदीचा हिशेब एकाच उंचीच्या अक्षरांत उतरत असे. मराठी माणसाने मोठेपणाची सोय दुसरीकडे केली. राजमान्य राजश्री, श्रीमंत, तीर्थरूप, चि. सौ. कां. अशा उपाध्या नावापुढे लावल्या की अक्षराची उंची कोण मोजतो? इंग्रजीने हे सगळे काम एका अक्षराच्या उंचीवर सोपवले. तिथले मोठे अक्षर म्हणजे लग्नघरचा मानपान आहे. कुणाला फेटा, कुणाला टॉवेल-टोपी, कुणाला नुसताच नारळ. यादी आधी लिहून ठेवलेली, आणि तरीही रुसवे ठरलेले. एवढे ध्यानात ठेवले म्हणून नियम पाठ होत नाहीत, पण ते कुणाच्या तरी रागालोभाने झाले असावेत एवढे लक्षात येते.

मुळात सगळीच अक्षरे मोठी होती. रोममधल्या ट्रेजनच्या स्तंभाच्या पायथ्याशी इ. स. ११३ चा लेख आहे. त्यात एकही अक्षर छोटे नाही. दगडात कोरायचे, तेही बादशहाबद्दल, म्हटल्यावर छोटे लिहिण्याची छाती कुणाची होणार? छोटी अक्षरे आली ती नकला करणाऱ्यांच्या घाईतून आणि चामड्याच्या महागाईतून. आठव्या शतकाच्या अखेरीस शार्लमेनच्या राज्यात, यॉर्कच्या अल्क्विनसारख्या विद्वानांच्या देखरेखीखाली, मठांमध्ये एक सुटसुटीत छोटे वळण रुळले. आजची छोटी अक्षरे त्याच घराण्यातली. शार्लमेनला स्वतःला मात्र लिहिणे जमले नाही. उशीखाली पाट्या ठेवून तो रात्री अक्षरे गिरवायचा, पण सुरुवातच उशिरा केल्यामुळे फारशी प्रगती झाली नाही, असे त्याच्या चरित्रकाराने, आइनहार्टने, नोंदवून ठेवले आहे. अर्ध्या युरोपचा सम्राट, आणि चार रेघांच्या वहीपुढे त्याची अवस्था पाचवीतल्या मुलासारखी.

पुढे छापखाने आले. मोठ्या अक्षरांचे खिळे वरच्या पेटीत आणि छोट्यांचे खालच्या, अशी वाटणी झाली आणि मानपानाला फर्निचरचा आधार मिळाला. मराठी जुळाऱ्यापुढे काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरांच्या खिळ्यांची आधीच भिंत उभी असे. त्यात मोठे-छोटे असते तर त्याला शिडी लागली असती.

सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्रजांना या मानपानाचे वेडच लागले. नाम दिसले की त्याला मोठे अक्षर. जोनाथन स्विफ्टच्या गलिव्हरच्या प्रवासाची १७२६ ची मूळ छपाई पाहिली तर खुर्ची, टोपी, घोडा, सगळे फेटा बांधून बसलेले दिसतात. अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेतही तोच थाट आहे. मग हळूहळू हौस ओसरली, आणि ती ओसरल्याचे दुःख बेंजामिन फ्रँकलिनला झाले. १७८९ साली कोशकार नोआ वेबस्टरला लिहिलेल्या पत्रात त्याने तक्रार केली की हल्लीच्या मुद्रकांना सगळी ओळ एकसारखी दिसायला हवी असते, म्हणून त्यांनी नामांची मोठी अक्षरे काढून टाकली. फ्रँकलिन स्वतः मुद्रक. ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हे वाक्य सर्व भाषांत आणि सर्व धंद्यांत आहे. जर्मन लोकांनी ही चाल सोडली नाही. तिथे आजही बटाट्याला मोठे अक्षर मिळते. डेन्मार्कने १९४८ मध्ये ती कायदेशीरपणे मोडली आणि देशातले सगळे बटाटे एका फटक्यात सामान्य झाले.

आता प्रत्यक्ष नियम. वाक्याचे पहिले अक्षर मोठे, हा त्यातला सर्वांत गरीब नियम. त्याने कुणाचे वाईट केलेले नाही. त्यालाही अलीकडे त्रास सुरू झाला, कारण काही कंपन्यांनी आपली नावे मुद्दाम छोट्या अक्षराने सुरू केली. आयफोनचा आय छोटा आणि पी मोठा. वाक्याची सुरुवातच आयफोनने झाली तर काय करायचे? शिकागोची प्रसिद्ध लेखन-नियमावली सांगते की आय छोटाच राहू द्या. म्हणजे महागड्या पाहुण्याने फेटा नाकारला तरी पंगतीत पहिले पान त्याचेच.

‘मी’ या अर्थाचा इंग्रजी आय नेहमी मोठा. याचे कारण गर्व नसून वाचणाऱ्याची सोय आहे, असे तज्ज्ञ सांगतात. जुन्या हस्तलिखितांत एकच उभी रेघ असलेला छोटा आय शेजारच्या अक्षरांत हरवून जाई, म्हणून लेखनिक त्याला लांब ओढू लागले आणि तो लांबच राहिला. स्पष्टीकरण बरोबर असेल. पण समोरच्याला ‘यू’ लिहिताना छोटा वाय पुरतो, ‘आम्ही’ला छोटा डब्ल्यू पुरतो, आणि स्वतःला तेवढा खांब लागतो, हे पाहिल्यावर मराठी वाचकाच्या भुवया जिथे जायच्या तिथे जातातच. जर्मन लोक ‘मी’ला छोटे ठेवतात आणि आदरार्थी ‘तुम्ही’ला मोठे अक्षर देतात. बटाट्याची वागणूक क्षम्य ठरावी इतके हे सभ्य आहे.

विशेषनामाला मोठे अक्षर, हा नियम ऐकायला सोपा आहे. वारांना आणि महिन्यांना ते मिळते, ऋतूंना मिळत नाही. सोमवार मोठा, जून मोठा, पण पावसाळा छोटा. तो वेळेवर का येत नाही याचा हवामान खात्याने या बाजूने विचार केलेला दिसत नाही. ग्रहांना मोठे अक्षर ठरलेले. पण ज्या पृथ्वीवर बसून हे नियम लिहिले तिला बहुतेक वेळा छोटा ई, सूर्य-चंद्रही छोटेच. शनीला मोठे अक्षर द्यायला मात्र कुणी विसरत नाही, हे मराठी घरांत समजावून सांगावे लागू नये. देवांच्या बाबतीत संख्या महत्त्वाची. एकच असला तर मोठा जी, अनेक असले तर छोटा. त्यामुळे तेहतीस कोटींना मिळून एक छोटा जी पुरतो. विठोबा आणि खंडोबा नावानिशी आले की त्यांचे व्ही आणि के अर्थातच मोठे.

भाषांना मोठे अक्षर, शालेय विषयांना छोटे. प्रगतिपुस्तकावर वाक्ये लिहायची झाली तर मराठीचा एम मोठा आणि मॅथेमॅटिक्सचा एम छोटा. गणिताने ज्यांचे बालपण काळवंडले त्यांना या एका नियमातून थोडे समाधान मिळते. खाद्यपदार्थांत न्याय वेगळाच आहे. अनेक शैलीपुस्तकांत फ्रेंच फ्राइजमधला फ्रेंच छोटा लिहितात. राष्ट्र तळून निघाले की त्याचे मोठेपण तेलातच राहते. बोंबिलाला इंग्रजीत बॉम्बे डक म्हणतात आणि त्यातला बी कोशांमध्ये अजून ताठ उभा आहे. वाळून कडक झाल्यावरही मान टिकवणारा हा बहुधा एकमेव मासा.

दिशांचे प्रकरण नाजूक आहे. दिशा म्हणून दिशा छोटी, प्रदेश म्हणून मोठी. दादर वेस्ट लिहिताना डब्ल्यू मोठा, कारण ते नाव झाले. दादरच्या वेस्टला समुद्र आहे, असे लिहिताना तोच छोटा, कारण ती नुसती दिशा. समुद्राला या भेदाची कल्पना नाही.

खरी परीक्षा नात्यांत होते. ‘मदर’ हे नावासारखे वापरले तर एम मोठा, पण मागे ‘माय’ लागले की छोटा. कुठल्याही वर्गात हा धडा पुढीलप्रमाणे पार पडतो.

“माय मदर इज अ टीचर. यात मदरचा एम स्मॉल.”

“आणि नुसतं मदर म्हटलं तर, बाई?”

“तर कॅपिटल.”

“म्हणजे माझी म्हटलं की आई छोटी होते?”

“पुढचा नियम लिहा.”

पुढचा नियमही दिलासा देणारा नाही. ‘आँट शोभा’ म्हटले की आँटचा ए मोठा, ‘माय आँट’ म्हटले की छोटा. मामी, काकू, मावशी आणि आत्या या चौघींना एकाच शब्दात कोंबल्यावर निदान अक्षर तरी कायमचे मोठे द्यायचे होते.

पदांचे गणितही याच वळणाचे. अमेरिकी वर्तमानपत्रांच्या पद्धतीत ‘प्रेसिडेंट लिंकन’ असे नावाला जोडून आले तर पी मोठा. पुढच्या वाक्यात नुसते ‘द प्रेसिडेंट’ म्हटले की छोटा. जगातल्या सर्वांत ताकदवान माणसाला एका पूर्णविरामात खाली उतरवणारी ही पद्धत भारतीय कचेरीत पाय ठेवू शकलेली नाही. नवीन कारकून व्याकरण शिकून येतो आणि पहिल्याच पत्रात वाक्याच्या मध्ये आलेल्या ‘सर’चा एस छोटा लिहितो. हेडक्लार्क चष्मा कपाळावर घेतात.

“साहेबांना स्मॉल केलंस?”

“वाक्याच्या मध्ये आलंय ना, म्हणून.”

“वाक्याच्या मध्ये आले म्हणून साहेब लहान होतात का?”

त्या दिवसापासून तो कारकून कुणालाच दुखवत नाही. त्याच्या रजेच्या अर्जात लीव्हचा एल मोठा, फीव्हरचा एफ मोठा, डॉक्टरचा डी मोठा. तिसऱ्या ओळीत पोट बिघडल्याचा उल्लेख येतो, तोही दोन मोठ्या अक्षरांनिशी. चुकून कुणाचा मान राहायला नको, म्हणून यादीबाहेरच्यांनाही नारळ. फ्रँकलिनने हा अर्ज वाचला असता तर त्याला वेबस्टरला पत्र लिहावेच लागले नसते. लग्नाच्या इंग्रजी पत्रिकेत तर ‘ऑफ’ आणि ‘द’ यांनाही सोडत नाहीत, आणि रोमन लिपीत उतरलेल्या चि. सौ. कां. च्या टिंबाटिंबाला मोठे अक्षर असते.

वकिलांची तऱ्हा निराळी आहे. त्यांच्याकडे मोठ्या अक्षराचा अर्थ मान असा नसून, हा माणूस वर दुसऱ्या परिच्छेदात पकडला आहे, असा असतो. महाराष्ट्रातल्या लीव्ह अँड लायसन्स करारात घरमालक लायसेन्सर आणि भाडेकरू लायसेन्सी होतो, दोघांचाही एल मोठा. अकरा महिन्यांच्या मुदतीत दोघे सारख्या उंचीवर येतात ते एवढ्याच कागदावर. नळाचे वायसर कुणी बदलायचे हा प्रश्न निघाला की उंची पूर्ववत होते.

शास्त्रज्ञांनी या विषयात इतरांपेक्षा कठोरपणा दाखवला आहे. न्यूटन हा माणूस मोठ्या एनचा. पण बलाच्या एककाला त्याचे नाव दिले की शब्द छोट्या एनने लिहायचा; चिन्ह मात्र पुन्हा मोठा एन. अमरत्व मिळाले, पण संक्षेपात. सेल्सियसने काय वशिला लावला कळत नाही; ‘डिग्री सेल्सियस’ पूर्ण लिहिले तरी त्याचा सी मोठाच राहतो. आंब्याच्या शास्त्रीय नावात मँजिफेराचा एम मोठा आणि इंडिकाचा आय छोटा, म्हणजे फळाला मान आणि देशाला नाही. कोकणातल्या बागाईतदाराला यात काही गैर वाटणार नाही. मात्र इथे चुकीची किंमत रोख असते. वॅटच्या आधी छोटा एम लावला तर मिलिवॅट, मोठा लावला तर मेगावॅट, आणि दोन्हींत एक अब्ज पटींचा फरक. साहेबाचा एस चुकला तर साहेब रुसतात. हा एम चुकला तर हातातल्या टॉर्चला औष्णिक वीजकेंद्र जोडल्याचे कागदोपत्री निघते.

शीर्षकांपाशी येऊन हे शास्त्र पूर्णपणे धर्मशास्त्र होते. पुस्तकाच्या किंवा लेखाच्या नावात महत्त्वाच्या शब्दांना मोठे अक्षर, किरकोळांना छोटे. किरकोळ कोण, यावर पंथ आहेत. असोसिएटेड प्रेसच्या शैलीत शब्दयोगी अव्यय चार अक्षरांचे झाले की वयात आले असे समजतात. शिकागोवाले त्याला कितीही वाढले तरी मोठे मानत नसत. २०२४ च्या अठराव्या आवृत्तीत त्यांनी पाच अक्षरांपासून पुढच्यांना मान दिला. त्यामुळे ‘विथ’ हा चार अक्षरी गृहस्थ एका घरी फेटा घालून आणि दुसऱ्या घरी बोडका बसतो. या सगळ्या गडबडीत ‘इज’ कडे कुणाचे लक्ष जात नाही. तो दोनच अक्षरांचा, पण क्रियापद असल्याने शीर्षकात त्याला मोठे अक्षर सर्वत्र देणे आहे. आकार पाहून त्याला मुलांच्या पंगतीत बसवणारे रोज भेटतात.

या वादाचा कळस २०१३ साली झाला. स्टार ट्रेक मालिकेतला ‘स्टार ट्रेक इन्टू डार्कनेस’ हा चित्रपट येऊ घातला होता. विकिपीडियावर त्याच्या नावातला ‘इन्टू’ मोठ्या आयने लिहायचा की छोट्या, यावर संपादकांची जुंपली. एका पक्षाचे म्हणणे, ते शब्दयोगी अव्यय आहे, छोटे लिहा. दुसऱ्याचे म्हणणे, ‘इन्टू डार्कनेस’ हे उपशीर्षक आहे आणि उपशीर्षकाचा पहिला शब्द मोठा असतो. पहिल्याने विचारले, मग मध्ये अपूर्णविराम कुठे आहे? अपूर्णविराम निर्मात्यांनी दिला नव्हता, आणि त्या दोन टिंबांच्या अभावी चर्चा ४०,००० शब्दांच्या घरात गेली. एवढ्या शब्दांत एक आटोपशीर कादंबरी होते. शेवटी मोठा आय जिंकला. चित्रपट कसा होता याविषयी दोन्ही पक्षांना बोलायला ताकद उरली असेल असे वाटत नाही.

मोठेपण कायमचे नसते याचेही दाखले आहेत. इंटरनेट हा शब्द जन्मल्यापासून बहुतेक ठिकाणी मोठ्या आयने लिहीत. जून २०१६ पासून असोसिएटेड प्रेसने आणि न्यू यॉर्क टाइम्सने तो छोटा केला. घरोघरी पोचला, कामवाल्या मावशींच्या फोनमध्येही आला, तेव्हा त्याचा मान गेला. जावयाचे असेच होते. सारखा येऊ लागला की ताटाभोवतीची रांगोळी बंद होते.

सगळेच शब्द मोठ्या अक्षरांत लिहिले की तो आरडाओरडा समजतात, हा संगणकाच्या काळातला शिष्टाचार. त्याआधी तार आणि टेलेक्स यांना मोठ्या अक्षरांवाचून गत्यंतर नव्हते आणि कुणाचे कान दुखत नव्हते. अमेरिकेच्या नौदलाने आपले संदेश सगळेच्या सगळे मोठ्या अक्षरांत धाडण्याची सक्ती २०१३ मध्ये उठवली, तिथल्या हवामान खात्याने ती सवय २०१६ मध्ये सोडली. तोवर साधी भुरभुर असली तरी ती गर्जना करूनच येत असे. मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप गटांवर ही बातमी अजून पोचायची आहे.

“काका, ओरडताय का?”

“नाही रे, चष्मा सापडत नाहीये.”

नव्या पिढीने दुसरे टोक गाठले आहे. फोन आपण होऊन पहिले अक्षर मोठे करतो, ती सोय ही मुले सेटिंगमध्ये शिरून मुद्दाम बंद करतात आणि सगळे छोट्या अक्षरांत लिहितात. मोठे अक्षर दिसले की त्यांना घरातले वातावरण तापल्याचा संशय येतो. आई मोठ्या ओने ‘ओके’ लिहून पुढे पूर्णविराम देते आणि दोन मिनिटांत पुण्याहून फोन येतो.

“आई, चिडलीस का?”

“नाही गं, कुकर लावत होते.”

राहता राहिला पासवर्ड. व्याकरणाने शतकानुशतके प्रयत्न करूनही मोठ्या अक्षराची धास्ती ज्यांना बसली नव्हती, त्यांना ती पासवर्डने बसवली. किमान एक मोठे अक्षर, एक छोटे, एक आकडा आणि एक विशेष चिन्ह, ही मागणी जगभर पसरली ती अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या २००३ सालच्या मार्गदर्शक सूचनांमुळे. त्या लिहिणारे बिल बर यांनी निवृत्तीनंतर, २०१७ मध्ये, वॉल स्ट्रीट जर्नलला सांगितले की त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आपल्याला आता पश्चात्ताप होतो. संस्थेनेही त्याच वर्षी ही अट सुचवणे सोडून दिले. कारण साधे होते. मोठे अक्षर मागितले की माणूस पहिलेच अक्षर मोठे करतो, आकडा आणि चिन्ह मागितले की ती शेवटी चिकटवतो, आणि चोराला हे माहीत असते. पश्चात्तापाची बातमी बँकांच्या काउंटरपर्यंत मात्र गेलेली नाही.

“पासवर्ड चुकलाय म्हणतंय हे.”

“आजोबा, पहिलं अक्षर कॅपिटल केलंत का?”

“अरे हो, राहिलं. पण पहिलंच कॅपिटल आहे हे तुम्हाला कसं कळलं?”

“आणि शेवटी ॲट द रेट, वन टू थ्री?”

आजोबा पासबुक मिटतात, मागच्या रांगेकडे एकदा पाहतात आणि काचेच्या भोकाशी तोंड नेऊन विचारतात, “तुमचाही तोच आहे का?”